लुगड्याचं कव्हर

वास पहिल्यांदा आला तो शेळकेला. कॉलेजच्या ऑफिसात दोनच महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, नाकाची फार तिखट. शनिवारचे साडेअकरा वाजले होते, डिसेंबरची थंडी अजून भिंतींतून निघाली नव्हती, आणि ही उठली ती सरळ उमाच्या टेबलामागची खिडकी सताड उघडून उभी राहिली. म्हणाली, "कुणाचं ओलं फडकं राहिलंय का हो इथं? कसला कुबट वास मारतोय." मग काय, ऑफिसला तेवढंच निमित्त. कुणी म्हणालं उंदीर मेला असेल, कुणी म्हणालं कालचा डबा राहिला असेल कुणाचा. बन्सीला हाक गेली. बन्सी म्हणजे बावीस वर्षांचा जुना शिपाई, उमा इथं ज्युनिअर क्लार्क होती तेव्हापासूनचा. आता ती हेडक्लार्क आहे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आणि तो शिपाईच आहे. त्यानं गुडघ्यावर बसून कपाटाखाली बघितलं, फायलींचे गठ्ठे हलवले, माठाच्या मागं डोकावला, आणि वास घेत घेत उमाच्या खुर्चीपाशी आला. "बाई, जरा पाय वर घेता का," म्हणाला. तिनं घेतले. तो वाकला, आणि वाकल्या वाकल्या थांबला. मग उठला, गुडघे झटकले, तिच्याकडं न बघता म्हणाला, "काय न्हाई. उंदीर-बिंदीर काय न्हाई. खिडकी ऱ्हाऊ द्या उघडी." शेळके म्हणाली, "अहो पण वास..." तर तो तिच्यावर खेकसलाच, "सांगितलं ना, काय न्हाई म्हणून." बन्सी कधी कुणावर खेकसत नाही. उमाला तेवढं पुरलं.

उरलेल्या दिवसाची कामं तिनं केली, म्हणजे हातांनी केली. मध्येच बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि पदर नाकाशी धरून चांगला हुंगला. गुलाबाचा वास आला. कपडे धुताना शेवटच्या पाण्यात ती ते कपडे मऊ करायचं गुलाबी औषध झाकण झाकण टाकते, त्याचा. त्यापलीकडं काही नाही. स्वतःचा वास स्वतःला येत नसतो, हे तिला ठाऊक होतं, फार चांगलं ठाऊक होतं, आणि नेमकं तेच आठवायला नको होतं. ते बाजूला सारावं म्हणून ती खुर्चीत येऊन बसली तर दुसरंच सगळं वर यायला लागलं. दिवाळीत पुण्याहून सून आली होती, तिनं बाळाचे कपडे बाथरूममध्ये पाटावर बसून हातानं धुतले. "अगं, मशीन आहे ना," म्हटलं तर म्हणाली, "नको आई, त्याची स्किन नाजूक आहे." मुलानं जाताना चार दिवसांचे मळके कपडे पिशवीत कोंबून परत नेले. उमाला तेव्हा वाटलं, किती समजूतदार झालाय, आईला काम नको म्हणून नेतोय. मोठ्या कौतुकानं तिनं हे शेजारच्या द्वारकाबाईंना सांगितलंसुद्धा. द्वारकाबाई नुसत्या हसल्या. आता ते हसणं आठवून तिचे कान तापले. म्हणजे द्वारकाबाईंनाही माहीत होतं. म्हणजे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, आणि गल्ली तिच्याच सोफ्यावर बसून चहा पिऊन जात होती. रागवायचं तरी कुणावर? कुणी काही बोललं असतं तर रागवता आलं असतं.

वास मशीनमधून येत असणार हे कळायला काही शिकावं लागत नाही. आठ वर्षांपूर्वी मुलानं पहिल्या नोकरीत घेऊन दिलेलं मशीन, समोर गोल काचेचं दार असलेलं. ते मुकुंदवाडीच्या या फ्लॅटमध्ये आलं त्या दिवशी उमाच्या सासूबाई, यमुनाबाई, माणसं ते जिन्यावरून उचलून आणताना बघत उभ्या होत्या. यमुनाबाई मूळच्या वैजापूरच्या. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा पाच वर्षांच्या, वडील तहसिलीत कारकून. त्यांनी जन्मभर स्वतःचं लुगडं स्वतः धुतलं. आंघोळीनंतर ओलेत्यानं पिळायचं, काठीनं उंच दांडीवर टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा नेसेपर्यंत त्याला घरातल्या कुणी शिवायचं नाही. फ्लॅटमध्ये दांडी कुठून येणार, तर बाल्कनीत छताला दोरी बांधून घेतली, आणि काठी वैजापूरहून आणलेलीच होती. मशीनकडं बघून त्या एवढंच म्हणाल्या, "ज्याच्यात तुमच्या चड्ड्या फिरणार त्याच्यात माझं लुगडं नको." उमाला वाटलं, झालं, आता वर्षभर धुसफूस. पण चौथ्या दिवशी दुपारी बघते तर म्हातारी जुनं हिरवं लुगडं फाडून बसलेली, तोंडात सुई. त्यांनी मशीनला कव्हर शिवलं. चहूबाजूंनी जमिनीपर्यंत येणारं, खाली लुगड्याचाच काठ, समोर बांधायला दोन नाड्या. "आणलंय तर धूळ नको बसायला," म्हणाल्या, "ह्या मुकुंदवाडीत धुळीला काय तोटा." टीव्हीला कव्हर होतंच, मिक्सरला होतं, फ्रिजच्या मुठीलासुद्धा होतं. पण हे यमुनाबाईंनी शिवलेलं होतं, मशीनला हात न लावता त्यांनी मशीनला घरात घेतलं होतं, आणि उमाला त्याचं फार वाटलं. त्या दिवसापासून नेम झाला. कपडे काढले की दार घट्ट लावायचं, वरून कव्हर घालायचं, नाड्या बांधायच्या. आठ वर्षांत एक दिवस चुकला नाही.

मग त्यांची शेवटची दोन वर्षं आली. लघवीवरचा ताबा सुटला. लुगडं गेलं, गाऊन आला, काठी कोपऱ्यात गेली, आणि ज्या मशीनला त्या कधी शिवल्या नव्हत्या त्यात रोज त्यांच्या चादरी फिरायला लागल्या. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. बाकी सगळा कारभार बोअरच्या खाऱ्या पाण्यावर. त्या पाण्यात फेस धरत नाही, म्हणून उमा पावडर मुठीनं टाकायची, एक मूठ, दोन मुठी, काचेआड पांढरं गच्च दिसेपर्यंत. फेस आल्याशिवाय मळ निघत नाही, ही यमुनाबाईंचीच शिकवण. आणि तरी वास जायचा नाही, किंवा जायचा आणि संध्याकाळपर्यंत परत यायचा. सकाळी कॉलेजला जायच्या आधी एक चादर, आल्यावर दुसरी. उमा थकली होती. तिनं यमुनाबाईंची कॉट मागच्या खोलीत हलवली, "तिकडं ऊन छान येतं" म्हणून. ऊन येत होतं, ते खोटं नव्हतं. दार लोटून घ्यायची, आणि रोज सकाळी खिडकीत दोन उदबत्त्या लावायची. यमुनाबाईंना विचारायची सवय नव्हती, सांगायची होती. पण एका सकाळी उमा काडी विझवत असताना त्यांनी विचारलं, "उमा, उदबत्ती तू देवाला लावतेस, का मला?"

"देवाला, आई."

"देव तर तिकडं आहेत, स्वयंपाकघरात."

"घरभर जातो ना वास. बरं वाटतं."

"बरं," म्हणाल्या यमुनाबाई, आणि भिंतीकडं वळल्या. त्यानंतर आठवडाभरातच त्या बाहेर येईनाशा झाल्या. पाहुणे आले तरी नाही, संध्याकाळी टीव्ही लागला तरी नाही, ताटसुद्धा आत मागवायला लागल्या. आठ महिन्यांनी गेल्या. त्याला आता तीन वर्षं झाली. उमानं तेव्हाही मनाची समजूत घातली होती आणि नंतरही घालत आली, की म्हातारं माणूस आपोआप आतआत जातं, आपण खोटं बोललो पण त्यांना दुखावलं तर नाही. आणि आज बन्सी वाकल्या वाकल्या थांबला तेव्हा तिच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे, की हा आईंचा वास आहे. मशीनमध्ये राहिलाय. तिला आता एकच हवं होतं, कुणीतरी तोंडावर सांगावं, येतो म्हणून, किंवा नाही येत म्हणून. पण जिनं सांगितलं नाही तिला कोण सांगणार, हाही विचार लगोलग आला, आणि तिला अगदी दमल्यासारखं झालं.

घरी जाताना ती रिक्षात एका कडेला अंग चोरून बसली. नाक्यावर उतरून आप्पासाहेबांच्या दुकानात शिरली, सवयीनं, महिन्याची पावडर संपत आली होती म्हणून. आप्पासाहेब म्हणजे चिकलठाण्याकडची शेती भावांवर सोडून वीस वर्षं इथं दुकान टाकून बसलेला माणूस, गिऱ्हाइकाची थट्टा केल्याशिवाय पुडा बांधत नाही. तिनं नेहमीची सुटी पावडर मागितली, पाच किलो, आणि ती गुलाबी बाटली. आप्पासाहेबांनी माप हातात घेतलं आणि परत पोत्यात ठेवलं.

"बाई, एक इचारू का? राग नका मानू. घरात माणसं किती?"

"दोघं. का?"

"दोन माणसं, अन् पावडर नेता खानावळीची. मशीन कोनचं, समोरून दार का वरून?"

"समोरून."

"मंग ही नका नेऊ. ही बादलीतली पावडर हाय, हातानं घासायची. समोरच्या दाराला फेस चालत नाय. आपल्या खाऱ्या पान्यात तर तो धुऊन जातच नाय. आतल्या आत बसतो, मंग सडतो. वरून तुम्ही हे गुलाबपानी वतता, त्ये बी तितंच चिकटतं. कापडं काढल्यावर दार उघडं ठेवता का?"

"नाही. कव्हर असतं वरून."

"कव्हर कशाला? त्याला काय थंडी वाजती?" ते स्वतःच हसले. मग फळीवरून एक पातळ साबणाची बाटली काढली, मशीनचं चित्र असलेली, आणि लिंबूसत्त्वाची दोन पाकिटं. "हे झाकनात अर्धंच घ्यायचं, फेस दिसला न्हाई तरी भ्यायचं न्हाई. अन् हे लिंबूसत्त्व टाकून मशीन रिकामंच फिरवायचं, सगळ्यात कडक पान्यावर. दाराच्या रबराला आतून फडकं मारा. आमच्या घरी बी हेच झालं व्हतं. वास मानसाचा नसतो बाई, साबनाचा असतो." उमानं मान हलवली, पिशवी घेतली, आणि चार पावलं चालून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की तिनं वासाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

घरी मुकुंद पेपर वाचत बसला होता. तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी नोकरीतून मोकळा झालेला आणि त्याच साली करोनात नाक गेलेला. ते गेलं ते गेलंच, भाजी करपली तरी त्याला कळत नाही. तिनं उभ्या उभ्या विचारलं, "अहो, माझ्या कपड्यांना वास येतो का?"

"मला विचारतेस? मला गॅस चालू राहिला तर समजत नाही."

"नाक होतं तेव्हा यायचा का?"

त्यानं पान उलटलं. "आता मागचं कशाला काढतेस," म्हणाला. उमानं चहा टाकला. नाक होतं तेव्हाही हा आईच्या खोलीत कधी कॉटपर्यंत गेला नाही, हे तिला चहा गाळताना आठवलं. दारातूनच विचारायचा, आई, कशी आहेस. आणि आई आतून म्हणायची, बरी आहे रे, जा तू. त्याला बोलावं असं तिच्या मनात आलं, पण बोलण्यासाठी जी ताकद लागते ती शनिवारी संध्याकाळी कुठून आणायची.

रविवारी सकाळी सारजाबाई आली. अकरा वर्षांपासून तीच भांडी-फरशी करते आणि गच्चीवर कपडे वाळत घालते, सासूबाईंचं शेवटचं सगळंही तिनंच उमाबरोबर केलेलं. उमानं नाड्या सोडल्या, कव्हर काढलं आणि दोघी मशीनसमोर फतकल मारून बसल्या. दाराभोवतीची रबराची कड उमानं बोटानं बाहेर ओढली तर आतल्या घडीत काळा बुळबुळीत थर, आणि तो वास. या वेळी तिलाही आला. पावडरचा खण उपसून काढला, त्यात निळसर गोळे बसलेले, दगडासारखे. खालचं छोटं झाकण फिरवलं, तिथून काळपट पाणी आलं, एक सेफ्टी पिन, ब्लाऊजचे दोन हूक, केसांचा बोळा. सारजा जुन्या टूथब्रशनं घासत राहिली, उमा पुसत राहिली. मग लिंबूसत्त्व टाकून, दार लावून, सगळ्यात गरम पाण्यावर मशीन रिकामंच सुरू केलं. दोघी हात धुऊन परत तिथंच बसल्या. काचेआड नुसतं पाणी फिरत होतं, आधी स्वच्छ, मग गढूळ. कपडे नसताना ते फिरताना बघायला चमत्कारिक वाटत होतं.

उमा म्हणाली, "सारजा, माझ्या कपड्यांना वास येतो का गं?"

"कोन बोललं?"

"कुणी बोललं नाही. म्हणूनच विचारते."

सारजानं हातातलं फडकं दोनदा पिळलं. "येतो," म्हणाली.

"कधीपासून?"

"आजी व्हत्या तवापासून. आजीचा न्हाई, ताई, ह्याचा," तिनं मशीनकडं हनुवटी केली. "मी वाळू घालताना नाकाला पदर बांधते."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

मशीननं पाणी सोडलं, नळीतून घळघळ आवाज झाला, तो थांबल्यावर सारजा म्हणाली, "आजीला सांगितलं व्हतं म्या."

"काय?"

"वासाचं. तुम्ही कालिजात गेल्या व्हत्या. म्हनल्या, सारजा, मी उमाला इचारलं तर तिनं देवावर ढकललं. तू मला लेकीवानी खरं सांग. मंग म्या सांगितलं, व्हय आजी, येतो. तर हसल्या. म्हनल्या, बरं केलंस. अन् त्या दिवसापून खोलीच्या भायेर आल्या न्हाईत. मला वाटलं, माझ्या तोंडानं म्हातारी खोलीत बसली. तवाच कानाला खडा लावला, आता कुनाला सांगायचं नाय म्हनून."

उमाला वाटलं होतं असं काही ऐकलं तर आपण रडू. रडू आलं नाही. ती भिंतीला टेकली. म्हणजे आईंना त्याच सकाळी कळलं होतं. खोटं पकडलं, वर 'बरं' म्हणाल्या, आणि मग आठ महिने रोज तिला काडी ओढताना बघत राहिल्या. एकदाही बोलल्या नाहीत. आणि उमा इकडं स्वतःला चांगली म्हणून मिरवत होती, की मी त्यांना दुखावलं नाही. ती सारजाला म्हणाली, "तुझ्यामुळं नाही बसल्या त्या आत. तू सांगितलंस ते बरोबरच केलंस. दार मी लोटून घ्यायची. वास बाहेर येऊ नये म्हणून." सारजा म्हणाली, "तुम्ही बी किती करायचं, ताई. दोन दोन चादरी." उमा म्हणाली, "चादरी धुतल्या गं. धुण्याचं काय." मग दोघी पाणी फिरताना बघत राहिल्या.

मशीन थांबलं तेव्हा आतून निघालेली वाफ नुसती गरम होती, लिंबासारखी जराशी. सारजानं कोरडं फडकं फिरवलं आणि सवयीनं दार लावायला हात घातला. "राहू दे उघडं," उमा म्हणाली. सारजानं कव्हर उचललं, ते मागच्या बाजूनं ओलीनं काळं पडलं होतं, काठ मात्र तसाच होता. "हे काय करू? टाकू?" उमानं ते तिच्या हातून घेतलं. बाथरूममध्ये पाटावर बसून बादलीत उरलेली सुटी पावडर टाकली, भरपूर, आणि हातानं घासघासून धुतलं. इतका फेस आला की कोपरापर्यंत चढला. मग कोपऱ्यातली काठी काढली, पुसली, आणि ते फाडून शिवलेलं लुगडं बाल्कनीत सगळ्यात वरच्या दोरीवर टाकलं. दोनदा काठीवरून घसरलं. तिसऱ्या वेळी बसलं. मुकुंद पेपर खाली घेऊन बघत होता.

सोमवारी तिनं कपाटातली त्यातल्या त्यात कमी वापरलेली साडी नेसली. एका दिवसात सगळ्या साड्या थोड्याच धुऊन होतात, निम्म्यांच्या घड्यांत तो वास अजून तसाच होता, आणि एकदा आल्यावर आता तिला तो सारखा येत होता. रजा टाकावी, असं रिक्षात दोनदा मनात आलं. दोनच वर्षं राहिलीत, आठ-पंधरा दिवस घरी बसलं तर कुणाचं काय अडतंय. पण ती गेली. शेळके यायची होती. बन्सी माठ भरत होता. उमा आपल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बन्सी, इकडं ये."

तो आला.

"शनिवारी काय शोधत होतास?"

"उंदीर, बाई."

"सापडला?"

बन्सी फरशीकडं बघायला लागला. हातातल्या तांब्यातून पाणी ठिबकत होतं. उमा म्हणाली, "हे बघ, मी रागवणार नाही. आणि घरीही जाऊन बसणार नाही. खरं काय ते सांग. आज येतो का?"

बावीस वर्षांत त्यानं तिला कधी तोंड वर करून उत्तर दिलं नव्हतं. त्यानं तांब्या टेबलावर ठेवला, एक पाऊल पुढं आला, दूध नासलंय का बघतात तसं जरा वाकून हुंगलं, आणि मग सरळ तिच्याकडं बघितलं.

"हाय, बाई," म्हणाला. "पन शनिवारपेक्षा कमी हाय."

"बरं," उमा म्हणाली. ती उठली, मागची खिडकी स्वतःच्या हातानं उघडली आणि परत येऊन खुर्चीत बसली. गार वारं मानेला लागलं. तिनं पहिली फाईल ओढली.

"उद्या परत विचारीन," ती म्हणाली.

"सांगतो," म्हणाला बन्सी, आणि तांब्या घेऊन माठाकडं गेला.